चर्मकवचासाठी कोल्हापुरी म्हशीचे चामडे: एका हौशी कारागिराचे परीक्षण

हौसेने चामड्याचे कवच बनवणाऱ्याची सर्वांत निर्णायक खरेदी म्हणजे चामडे. हत्यारे हळूहळू जमवता येतात, शिवण सरावाने सुधारते. परंतु चामड्याचा प्रकारच चुकला तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. या परीक्षणाचा विषय आहे तो कोल्हापुरात पायताणाच्या तळासाठी विकला जाणारा, बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेला म्हशीच्या चामड्याचा जाड माल. छाती व पाठीचे कवच, खांद्यावरचे एकावर एक येणारे पट्टे आणि मनगटकवच या तिन्हींसाठी मी तो वापरला आहे. महाराष्ट्रातल्या हौशी माणसाला सहज मिळू शकणाऱ्या चामड्यांत या कामाला याहून योग्य चामडे मी पाहिलेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ते स्वतः हाताळून निवडले पाहिजे, ही अट त्याच्यासोबत येते.

योग्यतेचे कारण कमावण्याच्या पद्धतीत आहे. बाजारातले बहुतेक मऊ, रंगीत चामडे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असते. ते तयार व्हायला वेळ कमी लागतो आणि त्याचे तंतू उकळत्या पाण्याच्या आसपासचे तापमानही सोसतात. पिशव्यांसाठी आणि सोफ्यांसाठी हा गुणच आहे, पण कवचासाठी तो दोष ठरतो, कारण असे चामडे गरम पाण्यात घालून कडक करता येत नाही. साल-हिरड्यात कमावलेल्या चामड्याचे तंतू साधारण ७५ ते ८० अंश सेल्सियसला आकसू लागतात, आणि त्या क्षणी त्याला जो आकार द्यावा तो ते वाळल्यावर कायम धरून ठेवते. मध्ययुगीन युरोपातील कडक चामड्याची कवचे उष्णतेच्या याच गुणावर आधारलेली होती असे मानले जाते. पडद्यावर दिसणारी मऊ, खिळे ठोकलेली चामडी जाकिटे आणि हा प्रकार यांत फार अंतर आहे. आपल्याकडेही म्हशीच्या आणि गेंड्याच्या कातड्याच्या ढाली होत्याच, त्यामुळे जाड कातड्यावरचा हा विश्वास आपल्याला परका नाही.

कोल्हापुरात पारंपरिक रीतीने कमावताना कातडे चुन्याच्या पाण्यात ठेवून केस काढतात, मग ते पिशवीसारखे शिवून त्यात सालीचे व हिरड्याचे पाणी भरून टांगतात. या सावकाश प्रक्रियेत रस कातड्याच्या गाभ्यापर्यंत पोहोचतो. विकत घेताना याचीच खात्री करावी: कडेचा बारीकसा काप घेऊन पाहिल्यास रंग आरपार एकसारखा तपकिरी दिसला पाहिजे. मध्ये फिकट, कच्ची रेषा दिसली तर तो तुकडा गरम पाण्यात वेडावाकडा होतो. कापाची कड निळसर-राखाडी असेल तर माल क्रोमचा आहे असे समजावे, वरचा रंग कितीही गावठी वाटला तरी.

कडक करण्याच्या कामात हे चामडे फार चांगले वागते. तुकडा आधी साध्या पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत भिजवावा, नंतर साधारण ८० अंशांच्या पाण्यात काही सेकंद बुडवून लगेच बाहेर काढावा. स्वयंपाकाचा थर्मामीटर येथे अत्यावश्यक आहे, कारण अंदाजाने तापवलेल्या पाण्यात जास्त वेळ राहिलेला तुकडा ठिसूळ होतो आणि पहिल्याच दणक्याला तडकतो. आकसताना चामडे लांबी-रुंदीत कमी होते आणि जाडीत वाढते. हे प्रमाण प्रत्येक कातड्याचे, इतकेच काय, एकाच कातड्यातल्या पाठीचे आणि पोटाचेही वेगळे असल्यामुळे मोजमाप केलेला नमुन्याचा तुकडा आधी बुडवून पाहावा आणि मगच कापण्याचा आराखडा ठरवावा. बाहेर काढल्यावर आकार देण्यासाठी मोजकीच मिनिटे मिळतात. खांद्याची गोलाई मातीच्या मडक्यावर उत्तम येते, मनगटकवचासाठी जाड बांबू पुरतो. त्यानंतर तुकडा कापडी पट्ट्यांनी बांधून सावलीत वाळू द्यावा. वाळल्यानंतर ४ मिलिमीटर जाडीचा पत्रा बोटाने ठोकला की लाकडासारखा खणखणीत आवाज येतो.

आता उणिवा. म्हशीच्या कातड्याचे तंतू बैलाच्या कातड्यापेक्षा भरड आणि विरळ असतात, त्यामुळे कोरीव नक्षी या चामड्यावर तितकी रेखीव उमटत नाही. ज्यांना छातीवर वेलबुट्टी कोरायची आहे त्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावे. जाडी सारखी नसते. एकाच कातड्यात पाठीकडे ५ आणि पोटाकडे ३ मिलिमीटर असा फरक सहज सापडतो. सोलताना लागलेले सुरीचे वार मागच्या बाजूला असतात आणि पुढून दिसत नाहीत, म्हणून कातडे उलटे करून उजेडात पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. वासही काही काळ राहतो. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलांच्या कत्तलीवर बंदी असल्याने म्हशीच्या मालावरच भार आला आहे, आणि हवी तीच जाडी प्रत्येक वेळी मिळेल असे गृहीत धरता येत नाही.

खरेदीसाठी सुभाषनगर आणि जवाहरनगर भागात, जेथे चपला प्रत्यक्ष बनतात तेथे जावे. चपलांच्या दुकानांच्या ‘चप्पल लाईन’मध्ये तयार माल मिळतो, कच्चा नव्हे. दर वजनावर आहे की चौरस फुटावर, हे आधी विचारावे. “कशाला पाहिजे, पायताणाला का?” हा प्रश्न हमखास येतो आणि त्याचे खरे उत्तर देण्यातच फायदा आहे, कारण काम समजल्यावर अनुभवी कारागीर स्वतः मानेचा ढिला भाग बाजूला सारून पाठीचा भाग पुढे करतात. रापीने (चामडे तासण्याच्या सुरीने) कड तासून देणे, तुकडा ठोकून घट्ट करून देणे ही कामेही वाजवी मजुरीत होतात, आणि त्यांच्या हाताची ती सफाई घरी येणे कठीण आहे.

नवख्याने छातीचा एकसंध पत्रा करण्याऐवजी लहान पट्ट्या वादीने (चामड्याच्या बारीक दोरीने) ओवून कवच बनवावे असे मी सुचवेन. जपानी सामुराईंची कवचेही अशाच लहान पट्ट्या ओवून होत. कातड्याच्या लहान, सदोष तुकड्यांचाही त्यात उपयोग होतो आणि एखादी पट्टी तडकली तर तेवढीच बदलता येते. छिद्रे बुडवण्यापूर्वी पाडावीत, कारण कडक चामड्यात पंच चालवणे कष्टाचे होते. फक्त ती आकसतील हे धरून वादीपेक्षा मोठी ठेवावीत. ४ मिलिमीटरचे चामडे चौरस फुटाला साधारण ३५० ते ४०० ग्रॅम भरते, म्हणजे नऊ चौरस फुटांचे धडाचे कवच साडेतीन किलोच्या आसपास जाते. पट्ट्या एकमेकींवर चढत असल्याने ओवलेल्या कवचाला चामडे अधिक लागते. नाटक, मिरवणूक किंवा मर्दानी खेळाच्या प्रात्यक्षिकात वावरण्यासाठी हे वजन सुसह्य आहे. धारदार पात्यापासून संरक्षण म्हणून मात्र त्यावर विसंबू नये.

लोखंडाशी या चामड्याचे वैर आहे. साल-हिरड्यातील टॅनिन (कातडे कमावणारे द्रव्य) ओल्या लोखंडाला लागले की काळेनिळे डाग पडतात आणि ते निघत नाहीत. म्हणून पातेले स्टीलचे किंवा ॲल्युमिनियमचे, रिव्हेट व बकल पितळी वापरावीत. संपूर्ण कवच काळे करायचे असल्यास हाच गुण कामी येतो: गंजके लोखंड व्हिनेगरमध्ये मुरवून केलेले पाणी फासले की रंग वर न बसता चामड्यातच तयार होतो. शेवटी मधमाशीचे मेण साधारण ६५ अंशांना वितळवून कोमट चामड्यावर चोळावे. तेल अगदी बेताने लावावे, कारण तेल जास्त झाले तर चामड्यात आणलेला कडकपणा जातो.

कोल्हापूरचा पावसाळा या चामड्याला मानवत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेल्या कवचावर बुरशी हमखास धरते. ते सुती कापडात, हवा खेळती राहील अशा जागी टांगून ठेवावे. खरेदीही दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत करावी. तेव्हा कातडे पूर्ण वाळलेले असते, वजनावर घेताना ओलाव्याचे पैसे मोजावे लागत नाहीत, आणि आकार दिलेले तुकडे सावलीतही लवकर सुकतात.