एफ/८ चे फोटो दाखवून विकलेली एफ/१.४ ची लेन्स

माहुलीच्या देवळात कार्तिकातला काकडा सुरू होतो तेव्हा समया आणि एक बल्ब एवढाच उजेड असतो. आबा तिथे पखवाजाला बसतात. तो काकडा फिल्मवर घ्यायचा म्हणून मी लेन्ससाठी वर्षभर पैसे बाजूला टाकत होतो. एवढ्या कमी उजेडाला एफचा आकडा लहान, म्हणजे आतलं छिद्र (अ‍ॅपर्चर) मोठं, अशी लेन्स लागते.

माझ्या बेसा आर२ए कॅमेऱ्याच्या फाइंडरात, म्हणजे बघायच्या खिडकीत, २८ मिमीच्या लेन्सची चौकट नाही, म्हणून अल्ट्रॉन २८ एफ/२ बाद झाली. झाइसची बायोगॉन ३५ एफ/२ सुरेखच, पण एक स्टॉप कमी, म्हणजे उजेड निम्मा. एफ/१.४ ला जिथे १/३० सेकंदाचा शटर मिळतो, तिथे तिला १/१५ लागतो, आणि तेवढ्यात पखवाजावरचा हात हलतो. लायकाची समिलक्स आवाक्याबाहेर. उरली व्हॉइग्टलँडरची नॉक्टन क्लासिक ३५ एफ/१.४. तिच्यात कडेच्या सरळ रेघा थोड्या फुगतात, ते मला चालणार होतं.

ती सेकंडहँड विकणाऱ्याने नमुना फोटो पाठवले. रस्त्याकडेची रसवंती, हिरवं छप्पर, भर ऊन, सगळं कसं धारदार. साताऱ्याच्या एसटी स्टँडवर भेटलो तेव्हा अंधारून आलं होतं आणि त्याला पुढची गाडी पकडायची होती. मी टॉर्च मारून पाहिली: बुरशी नाही, धूसरपणा नाही, काच लख्ख. सरळ विचारलं, "उघडलीय का कधी?" तो म्हणाला, "दादा, कंपनी फिटिंग आहे." ₹३८,००० पाठवले. खात्यावर नाव दुसऱ्याचंच दिसलं. "भावाचं आहे," म्हणाला. तिथेच थांबायला हवं होतं.

काकड्याचा रोल धुऊन आला आणि पोटात गोळा आला. प्रत्येक फ्रेममध्ये आबांचा चेहरा विरघळलेला, आणि त्यांच्या मागच्या खांबाजवळची समई मात्र वातीसकट स्पष्ट.

बेसासारख्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यात आपण लेन्समधून बघतच नाही. फाइंडरातल्या मधल्या चौकोनात, म्हणजे पॅचमध्ये, दोन प्रतिमा नीट जुळतात, कारण तो पॅच लेन्सच्या मागच्या कॅमवर (फोकस फिरवताना सरकणाऱ्या कडेवर) चालतो. काच आत चुकीच्या जागी बसवली असेल तर पॅचला त्याचा पत्ताही लागत नाही. पुण्याच्या कारागिराने स्क्रूंच्या खाचा दाखवल्या, पितळ उघडं पडलेलं. बुरशी काढायला कुणीतरी लेन्स खोलली होती आणि बसवताना एक पातळ चकती घातलीच नव्हती. काच इतकी लख्ख का होती, ते तेव्हा कळलं.

३५ मिमीला एक मीटरवर एफ/१.४ ला जेमतेम सात सेंटिमीटर फोकसमध्ये राहतात, एफ/८ ला चाळीसच्या आसपास. त्याचे नमुना फोटो एफ/८ चे होते. त्या चाळिसात असली चूक सहज लपते. त्यामुळे जलद, म्हणजे मोठ्या छिद्राची, लेन्स घेताना पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरचे, जवळून काढलेले फोटोच मागा. आणि भेटायला जाताना रिकामा कॅमेरा, ट्रेसिंग पेपर आणि भिंग न्या. मागचं दार उघडून फिल्मच्या जागी कागद ताणून चिकटवा, शटर बी वर ठेवून दाबून धरा (दाबलं असेपर्यंत ते उघडं राहतं), मीटरभरावरच्या दिव्यावर पॅच जुळवा आणि कागदावरची प्रतिमा भिंगातून बघा. दोन मिनिटं लागतात. समोरचा घाई करत असेल तर त्याला त्याच्या गाडीने जाऊ द्या.

त्याने माझा नंबर ब्लॉक केलाय. पोलिसांत अर्ज दिलाय, चॅट आणि पावती जोडून. परवा दुसऱ्याच नावाने एक ३५ एफ/१.४ विक्रीला आलेली दिसली. नमुना फोटोंत तीच रसवंती, तेच हिरवं छप्पर.