केआरए का शिफ्ट बोनस?
शिरोली एमआयडीसीत फौंड्रीचं एचआर बघणाऱ्या मैत्रिणीला प्रश्न पडलाय, वीज वाचवायचं टार्गेट प्रत्येकाच्या केआरएत (माणसामागं ठरवलेल्या कामाच्या टार्गेटात) घालू का अख्ख्या शिफ्टला मिळून द्यायच्या बोनसला जोडू?

मोजायला केआरए अवघड. फर्नेसचा मीटर एकच, टनामागं किती युनिट गेली ते कळतं पण कुणामुळं ते कुठं कळतंय, मोल्डिंगला, म्हणजे साचे करायला उशीर झाला की मेटल गरम धरून ठेवायला लागतंय आणि बोलणी मात्र धातू वितळवणाऱ्या मेल्टरला. शिफ्टला जोडलं की भांडणं कमी, कागदं कमी, एखादा फुकट्या मजा मारणार तेवढंच.

सेबीनं 2022-23 पासून टॉप 1000 लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर (पर्यावरण, कामगार, समाज यांबद्दलचा वार्षिक अहवाल) बंधनकारक केलाय, त्यात सेफ्टी ट्रेनिंगबी विचारतात, तसलं मॅनेजरच्या केआरएत. फ्लोअरला शिफ्ट बोनस, पण अपघाताच्या आकड्यावर नको, लपवतील लेकाचे.