भुताला नियम हवेत

भयपट चांगला की वाईट हे मी एकाच गोष्टीवरून ठरवतो. त्यातल्या भुताला काय करता येतं आणि काय येत नाही, हे सिनेमा मला सांगतो का? आणि एकदा सांगितलं की शेवटपर्यंत पाळतो का? विज्ञानपटालाही माझी हीच अट. माझा धंदा यंत्रमागाच्या मोटारी रिवाइंड करण्याचा, सोलापुरात अक्कलकोट रोडच्या बाजूला. मोटार जळते तेव्हा कारण असतं: बेअरिंग जाम, एखादी फेज गेलेली, नाहीतर ओव्हरलोड. कारण नसलेला बिघाड मी पाहिलेला नाही, म्हणून पडद्यावरचं कारण नसलेलं भूतही मला पटत नाही. कपाटातून येतं, भिंतीतून येतं, फोनमधून येतं, आणि कुणाला का मारतं त्याचा पत्ता नाही. असल्या सिनेमांत नुसता आवाज मोठा असतो. आवाजाने माणूस दचकतो, पण घरी गेल्यावर जेवून शांत झोपतो.

या कसोटीवर माझा पहिला नंबर ‘तुंबाड’ला. राही अनिल बर्वे यांचा हा सिनेमा २०१८ साली आला तेव्हा त्याला बेताचीच गर्दी होती. २०२४ च्या सप्टेंबरात तो पुन्हा थिएटरांत लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. मी तेव्हाच तो मोठ्या पडद्यावर पाहिला.

यातला हस्तर हा देवीचा पहिला मुलगा. त्याला सोनंही हवं होतं आणि धान्यही. सोनं मिळालं, धान्याला हात घालायच्या आत बाकीचे देव तुटून पडले. म्हणून तो कायमचा उपाशी. या एका गोष्टीतून सिनेमातलं सगळं निघतं. त्याला कणकेची बाहुली दिली की तो तिच्यावर झडप घालतो, आणि तेवढ्या वेळात त्याच्या लंगोटातून सोन्याच्या मुद्रा काढून घ्यायच्या. भोवती पिठाचं रिंगण आखलं तर तो जवळ येत नाही. त्याचा स्पर्श झालेल्या माणसाला मरण येत नाही, नुसतं सडत राहावं लागतं. नियम इतके सोपे, की शेजारी बसलेल्या माझ्या भाच्याला एकदाही काही विचारावं लागलं नाही.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. सिनेमाचा नायक विनायक वर्षानुवर्षं हस्तरकडे जातो आणि मूठभर मुद्रा घेऊन परत येतो. मग त्याच्या मुलाच्या, पांडुरंगच्या, डोक्यात येतं की मूठभर कशाला, अख्खा लंगोटच आणू. एका बाहुलीऐवजी खूप बाहुल्या नेऊ. आणि जितक्या बाहुल्या तितके हस्तर उभे राहतात. नियम तोच आहे, फक्त माणसाची हाव वाढली. मला त्या जागी जेवढं भय वाटलं तेवढं कुठल्याही किंकाळीने वाटलेलं नाही, कारण काय होणार हे एक क्षण आधी माझं मलाच कळलं होतं. आणि एक गोष्ट मला नंतर समजली: पांडुरंग झालेल्या मोहम्मद समदनेच मेकअप चढवून हस्तरचा स्पर्श होऊन सडत पडलेली, झाडाची मुळं फुटलेली म्हातारीही केली आहे. पोरगं केवढं, काम केवढं!

त्यातला पाऊस वेगळा सांगायला हवा. तो खराखुरा पाऊस आहे, कित्येक पावसाळे थांबून केलेलं शूटिंग आहे. आम्ही सोलापूरची माणसं आभाळाकडे डोळे लावून बसणारी. पाऊस आला की आमच्याकडे पेढे वाटावेसे वाटतात. त्याच पावसाने जीव गुदमरतो असं मला पहिल्यांदा वाटलं ते या सिनेमात. सगळं ओलं, भिंती ओल्या, माणसांचे चेहरे ओले, आणि वाळायला जागाच नाही. तक्रार एकच. गाव कोकणातलं, माणसं मराठी, नावं मराठी, आणि बोलायचं हिंदीत. अनिता दातेंसारखी नटी हिंदीत बोलताना पाहून मला राहून राहून वाटत होतं की हे संवाद मराठीत केवढे अंगावर आले असते.

पाहताना पडदा मात्र बघून घ्या. मी आधी एका थिएटरात गेलो होतो, नाव घेत नाही. तिथे प्रोजेक्टरचा उजेड इतका मंद की वाड्यातलं अर्धं काम काळ्या डागात गेलं. मॅनेजरना सांगितलं, तर म्हणाले, पिक्चरच अंधारातला आहे काका. पिक्चर अंधारातला आहे म्हणूनच तर उजेड नीट लागतो! दुसऱ्या ठिकाणी पुन्हा तिकीट काढलं तेव्हा कंदिलाच्या पिवळ्या उजेडात विहिरीची भिंत दिसली आणि पैसे वसूल झाले.

विज्ञानपटांत माझं पहिलं प्रेम ‘एलियन’, १९७९ चा, रिडली स्कॉटचा. अंतराळयान म्हटलं की चकचकीत काहीतरी असेल असं वाटतं. इथे नोस्ट्रोमो हे माल वाहणारं जहाज आहे. पाइप गळतायत, साखळ्या लोंबतायत, आणि पार्कर आणि ब्रेट हे दोन मेकॅनिक पहिल्यापासून एकच विषय काढतात: आमचा बोनस इतरांपेक्षा कमी का? एमआयडीसीत दिवाळीच्या आधी मी हेच ऐकत आलोय. सातच माणसं आहेत, आणि प्रत्येकाला नेमून दिलेलं काम आहे. म्हणून त्यातलं एकेक गेलं की खरंच माणूस गेल्यासारखं वाटतं. त्या प्राण्याचं रक्त तेजाब आहे, मजल्यामागून मजले जाळत खाली जातं, हे एकदा दाखवलं की पुढे त्याला गोळी का घालत नाहीत हा प्रश्नच उरत नाही. एका नियमाने सगळी हत्यारं काढून घेतली.

प्राण्याचं रूप गिगर या स्विस चित्रकाराचं, आणि आतला माणूस बोलाजी बडेजो, जवळजवळ सात फूट उंचीचा नायजेरियन तरुण. पूर्ण प्राणी पडद्यावर दिसतो तो मोजकाच वेळ. आणि शेवटी कळतं की कंपनीला प्राणी हवा होता, माणसं गेली तरी चालणार होती. तो कागदोपत्री हुकूम मला दातांपेक्षा जास्त टोचला.

जॉन कार्पेंटरचा ‘द थिंग’ याच पंगतीतला. १९८२ साली तो ‘ई. टी.’च्या पाठोपाठ आला आणि आपटला. लोकांना त्या उन्हाळ्यात गोड परग्रहवासी हवा होता. यातला परग्रहावरचा जीव कुठल्याही माणसाचं रूप घेतो, म्हणून खरा माणूस कोण हे शोधायला रक्ताच्या बश्या मांडून त्यात तापलेली तार बुडवायची, तो प्रसंग पाहा. प्रत्येक थेंब हा वेगळा जीव आहे आणि तो स्वतःला वाचवणार, एवढंच सूत्र. खुर्चीचा हात सुटत नाही.

मराठीत ‘लपाछपी’, दिग्दर्शक विशाल फुरिया. तो २०१७ ला थिएटरात आला. भीती कुठे आहे, तर उसाच्या फडात, भर दुपारी. ज्याने आमच्या जिल्ह्यात उभ्या उसात पाऊल टाकलंय त्याला समजावून सांगायला नको: चार पावलांवर माणूस दिसत नाही, पात अंग कापते, हाक मारली तर कुठून आली कळत नाही. पूजा सावंत चांगली आहेच, पण उषा नाईक त्या घरातल्या बाई म्हणून जे प्रेमाने बोलतात त्याने पोटात गोळा येतो. विषय मुली मारण्याचा आहे आणि सिनेमा त्याला बगल देत नाही. मध्यंतरानंतर थोडा लांबतो, तेही सांगतो. दिवस गेलेल्या बाईने तो पाहू नये. माझ्या भाचीने हट्ट धरला होता, मी ठाम नाही म्हणालो.

घरी पाहणार असाल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये हालचाल गुळगुळीत करणारं जे काही असेल ते बंद करा, खोलीत अंधार करा, आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. ‘तुंबाड’ला ‘ए’ म्हणजे फक्त प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र आहे, पोरांना दाखवू नका. ‘द थिंग’ जेवणानंतर लगेच लावू नका.