एमबीए काउन्सेलिंगचं पॅकेज घ्यावं का? पर्सेंटाइल, वर्क-एक्स आणि आमचा पुण्यातला अनुभव

मागच्या सीझनला धाकट्या भावाच्या एमबीएसाठी डेक्कनजवळ एका ऍडमिशन काउन्सेलिंगवाल्यांकडे ४५ हजाराचं पॅकेज घेतलं होतं आणि तेव्हापासून ऑफिसमधले, नात्यातले इतके जण विचारतायत की कसं आहे, घ्यायचं का, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. नाव देत नाही, कारण चौकशी करताना आणखी तीन-चार ठिकाणी बसले तेव्हा सगळीकडे साधारण हेच ऐकलं. प्रोफाइल इव्हॅल्युएशन, कॉलेजांची शॉर्टलिस्ट, फॉर्म आणि निबंध तपासून देणार, शेवटी मॉक इंटरव्ह्यू. यातल्या पहिल्या दोन गोष्टींना पैसे देऊ नका, शेवटच्या गोष्टीला जरूर द्या. आता का ते सांगते.

भाऊ मेकॅनिकल इंजिनिअर, चाकणला ऑटो पार्ट्स बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला, तेव्हा अनुभव चार वर्षांचा होत आला होता. दहावीला ९१ टक्के, बारावीला ७८, कॅट या एमबीएच्या प्रवेशपरीक्षेला ९४ पर्सेंटाइल (म्हणजे ९४ टक्के मुलं मागे), ओपन कॅटेगरी. क्लासवाल्यांच्या भाषेत जीईएम, म्हणजे जनरल इंजिनिअर मेल, आणि या ग्रुपमधे गर्दी एवढी असते की ९४ ऐकून घरचे पेढे वाटायला निघतात आणि काउन्सेलर मात्र तोंड बारीक करतो.

प्रोफाइल इव्हॅल्युएशन म्हणजे काय केलं तर समोरच्या मुलीने लॅपटॉपवर शीट उघडली, "कॅट किती?" विचारलं, ९४ टाकलं, कॅटेगरी टाकली आणि यादी आली. "वर्क-एक्स?" म्हणजे कामाचा अनुभव. "चार वर्षं होतील." तिने तेही एका रकान्यात टाकलं पण यादी काही हलली नाही. कुठे काम करतोस, काय करतोस, एमबीएनंतर काय करायचंय, यातलं एकही विचारलं नाही. चार वर्षं सकाळी सहाच्या शिफ्टला चाकणला गेलेला मुलगा आणि परवा डिग्री हातात आलेला मुलगा, दोघांना एकच यादी, हे कसं चालेल? वर त्या यादीत तीन अशी कॉलेजं होती ज्यांची चकचकीत ब्रोशर त्याच टेबलावर ठेवलेली. मी सरळ विचारलं की तुम्हाला यांच्याकडून काही मिळतं का, तर उत्तर आलं, "मॅडम, आमचे टाय-अप्स असतात, पण सल्ला न्यूट्रल असतो." हा प्रश्न तुम्ही पण विचारा, पैसे भरायच्या आधी.

आता जे त्यांनी सांगायला हवं होतं आणि आम्ही नंतर स्वतः बसून काढलं ते. प्रत्येक आयआयएम आपली ऍडमिशन पॉलिसी वेबसाइटवर टाकते, पीडीएफ असते, वाचायला कंटाळवाणी पण सगळं त्यात असतं. त्यात जो मिनिमम कटऑफ लिहिलेला असतो तो फक्त पात्रतेचा, तेवढे आले म्हणजे इंटरव्ह्यूचा कॉल येतो असं अजिबात नाही. खरा कॉल ठरतो तो कॅटचा स्कोअर, दहावी, बारावी, डिग्रीचे मार्क, कामाचा अनुभव, काही ठिकाणी मुलींना आणि नॉन-इंजिनिअर्सना मिळणारे डायव्हर्सिटीचे गुण, हे सगळं मिळून. कुठे बारावीला जास्त वजन, कुठे अनुभवाला. भावाचे बारावीचे ७८ म्हणजे बऱ्याच जुन्या आयआयएमचं दार तिथेच अर्धं बंद, आणि ते कॅट पुन्हा देऊन पूर्ण उघडत नाही कारण बारावी काही परत देता येत नाही. हे कोणीतरी पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलायला हवं होतं.

अनुभवाचंही तसंच. लोकांना वाटतं जितकी वर्षं जास्त तितकं चांगलं. पण दोन वर्षांच्या कोर्सला अनुभवाचे गुण ठरावीक महिन्यांपर्यंतच वाढतात, साधारण तीन वर्षांच्या आसपास येऊन थांबतात, त्यापुढची नोकरी त्या गणितात धरलीच जात नाही. शिवाय मोजतात तो डिग्री पूर्ण झाल्यानंतरचा फुल-टाइम अनुभव, इंटर्नशिप नाही, पार्ट-टाइम नाही, आणि तोसुद्धा फॉर्ममधे दिलेल्या ठरावीक तारखेपर्यंत. जॉइनिंग लेटर, सॅलरी स्लिप, रिलीव्हिंग लेटर सगळं लागतं, मधे कंपनी बदलली असेल तर जुन्या एचआरच्या मागे आत्ताच लागा.

मग महाराष्ट्रातल्या माणसाच्या तोंडी पहिलं नाव येतं ते बजाज. चर्चगेटचं जमनालाल बजाज, १९६५ पासूनचं, दोन वर्षांची फी सहा-सात लाखांच्या आसपास आणि नोकऱ्या मोठमोठ्या कॉलेजांच्या तोडीच्या, फीच्या मानाने याच्याइतकं चांगलं कॉलेज मला तरी दुसरं दिसत नाही. पण तिथल्या एमएमएसच्या (एमबीएसारखाच कोर्स) महाराष्ट्राच्या जागा कॅप राउंडनी, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांनी, सीईटी या राज्याच्या परीक्षेच्या मेरिटवर भरतात, इंटरव्ह्यू नाही, ओपनला ९९.९ पर्सेंटाइलच्या पुढेच बोलायचं. सीईटी म्हणजे २०० प्रश्न, अडीच तास, निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे सगळा खेळ वेगाचा. फ्रेशरसाठी ही सोन्यासारखी परीक्षा आहे, बारावी विचारत नाहीत, अनुभव विचारत नाहीत, त्या दिवशी हात चालला की झालं. तुमचे ऍकॅडमिक्स यथातथा असतील आणि स्पीड चांगला असेल तर बाकी सगळं सोडून सीईटीच्या मागे लागा असं मी कोणालाही सांगीन. सिडनहॅम आणि पुणे विद्यापीठाचा एमबीए विभाग पुंबा हे पण त्याच रांगेतले. पण भावाची चार वर्षं त्या दारात शून्य. (आयआयएमवाले पण कॅप म्हणतात, काही नव्या आयआयएमची कॉमन ऍडमिशन प्रोसेस, म्हणजे सगळ्यांचा मिळून एकच इंटरव्ह्यू, तिचा आणि सीईटीच्या कॅपचा काही संबंध नाही, आमच्या काकांनी दोन महिने घोळ घातला होता.)

बरोबर उलटं एसपी जैन, अंधेरीचं. तिथे तुम्ही काय केलंय, कुठल्या स्पेशलायझेशनसाठी अर्ज करताय आणि त्याचा तुमच्या कामाशी मेळ बसतो का हे बघतात, नुसत्या स्कोअरवर निभावत नाही. पवईचं नीटी २०२३ मधे आयआयएम मुंबई झालं, ऑपरेशन्स आणि सप्लाय चेनमधलं नाव जुनंच, प्लांटवरून आलेल्या माणसाला तिथली भाषा आपली वाटते, फक्त कॅट ९४ वर ते अवघड. एनमॅट (नरसी मोनजी वगैरेंसाठी) आणि स्नॅप (सिम्बायोसिससाठी) या दोन्ही परीक्षा एका सीझनमधे तीनदा देता येतात, त्यातला बेस्ट धरतात, ज्यांचा एक दिवस खराब गेला की सगळंच जातं त्यांनी या नक्की द्याव्यात. आमच्या शीटवाल्या मुलीने यातला फरक समजावला नाही, सगळ्यांचे फॉर्म भरा म्हणाली. एकेक फॉर्म दोन-तीन हजाराला जातो हो.

आणि मुख्य राहिलेली गोष्ट. चार वर्षं झालेल्या माणसाने दोन वर्षांचा कोर्स करायचाच का, हा प्रश्नच त्या ऑफिसमधे निघाला नाही. आयएसबीच्या (इंडियन स्कूल ऑफ बिझनेस) एका वर्षाच्या पीजीपी कोर्सला किमान दोन वर्षांचा अनुभव लागतो, आयआयएम अहमदाबादच्या अशाच पीजीपीएक्सला किमान चार, आयआयएम बंगलोरच्या ईपीजीपी आणि कलकत्त्याच्या एमबीएईएक्सला पाच. इथे सगळा वर्ग अनुभवी, आणि यासाठी कॅट नाही, जीमॅट किंवा जीआरई या आंतरराष्ट्रीय परीक्षा. कॅटचा स्कोअर त्या वर्षापुरता, पुढच्या वर्षी रद्दी, जीमॅट पाच वर्षं चालतो, म्हणजे आज देऊन ठेवला आणि दोन वर्षांनी वापरला तरी चालतो. आताचा जीमॅट सव्वादोन तासांचा आहे, क्वांट, व्हर्बल आणि डेटा इनसाइट्स असे पाऊण पाऊण तासाचे तीन भाग, स्कोअर २०५ ते ८०५ मधे. जुन्या लोकांच्या डोक्यात ७०० अडकलेला असतो, आताचे ६४५ म्हणजे साधारण तेच, त्यामुळे ६४५ ऐकून नाक मुरडू नका. फी वीस-पंचवीस हजार जाते, कॅटच्या कितीतरी पट. तयारीला मात्र अधिकृत साइटवर दोन पूर्ण प्रॅक्टिस टेस्ट फुकट मिळतात, क्लास लावायच्या आधी त्यातली एक देऊन बघा.

पैशाचं गणित पण कागदावर मांडा. भावाचा पगार साडेसात लाख, दोन वर्षं सोडले तर १५ लाख तिथेच गेले, शिवाय चांगल्या कॉलेजची फी पंचवीस लाखांवर. एका वर्षाच्या कोर्सची फी जास्त वाटते, आयएसबीची राहण्याखाण्यासकट चाळीस लाखांच्या घरात जाते, पण पगार एकाच वर्षाचा बुडतो. बँकेचं लोन मिळतं, नावाजलेल्या कॉलेजांना तारण न ठेवताही मिळतं, पण कोर्स चालू असताना हप्ता नसला तरी व्याज चढत असतं हे विसरू नका. आणि प्लेसमेंटचा आकडा बघताना हायेस्ट पॅकेज सोडून द्या, सरासरीही दोन-चार मोठ्या ऑफरनी फुगते, मीडियन बघा (निम्म्यांना ज्याच्या वर आणि निम्म्यांना खाली मिळालं तो मधला आकडा), आणि तुमच्याइतका अनुभव असलेल्यांना वेगळं काय मिळालं ते बघा. आयआयएम अहमदाबादने सुरू केलेल्या आयपीआरएस या, प्लेसमेंटचे आकडे मांडायच्या ठरावीक पद्धतीने काही कॉलेजं ऑडिट केलेले रिपोर्ट देतात, त्यात हातात येणारा पगार वेगळा लिहिलेला असतो. काउन्सेलरच्या ब्रोशरमधे मी तरी मीडियन हा शब्द पाहिला नाही.

आता जे आवडलं ते. मॉक इंटरव्ह्यू. घ्यायला एक निवृत्त प्लांट हेड येतात, शांत माणूस, समोर फक्त तुमचा रेझ्युमे आणि पेन्सिल. मी बाहेर बसले होते, पार्टिशन पातळ, सगळं ऐकू येत होतं.

"तुमच्या लाइनचा पीपीएम किती?" (म्हणजे दहा लाखांमागे किती पीस खराब.)

"सर, चारशेच्या आसपास."

"कस्टमर एंडचा का इन-हाऊस?"

भाऊ दोन सेकंद गप्प. मग म्हणाला कस्टमर एंडचा.

"त्यात सगळ्यात जास्त कशाचं रिजेक्शन?"

"बोअर ओव्हरसाइज." म्हणजे पार्टचं भोक मापापेक्षा मोठं. "आम्ही टीमने त्यावर काम करून..."

"टीमचं मी तुमच्या मॅनेजरला विचारीन. तुमचा हात कुठे लागला ते सांगा."

मग तो बोलायला लागला. टूल किती पीस झाल्यावर बदलायचं हे ऑपरेटरच्या अंदाजावर चालायचं, याने तीन शिफ्टचे रीडिंग स्वतः घेतले, सेकंड शिफ्टला बोअर सरकतो हे चार्टवर दाखवलं, टूल बदलायचा आकडा ठरवून मशीनवर लावला आणि फक्त पास-नापास सांगणाऱ्या गो-नोगो गेजच्या जागी नेमकं माप दाखवणारा एअर गेज आणायला मॅनेजरला पटवलं, दोन जुने ऑपरेटर ऐकत नव्हते तर त्यांच्याबरोबर आठवडाभर तिसऱ्या शिफ्टला थांबला. सर म्हणाले, "हे रेझ्युमेत कुठे आहे? इथे तर लिहिलंय, रिस्पॉन्सिबल फॉर क्वालिटी." घरी आम्ही रोज एका टेबलावर जेवतो आणि यातलं निम्मं मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्या पाऊण तासात रेझ्युमेच्या ओळीन् ओळी बदलल्या आणि त्यानंतर त्याने जे निबंध लिहिले ते खरोखर त्याचे वाटतात, आधीचे कुठल्याही इंजिनिअरचे वाटत होते. वर्क-एक्स म्हणजे महिने नाहीत हे त्या शीटमधे कुठल्या रकान्यात मावणार?

निबंध तपासणी ठीकठाक. इंग्रजी सुधारून देतात, पण एका ठिकाणी भावाच्या साध्या वाक्याचं "पॅशनेट लीडर" वगैरे करून आणलं, ते आम्ही काढून टाकलं.

शेवटी काय झालं तर नव्या आयआयएमच्या कॅपमधून कॉल आला होता, जागाही मिळाली, आणि भावाने विचार करून सोडली. मला तेव्हा धाकधूक झाली, आईला तर फारच, पण त्याचं म्हणणं पटण्यासारखं होतं, दोन वर्षांनी बाहेर पडताना फ्रेशरच्या बरोबरीच्या पोस्टवर जायचं असेल तर आत्ताची नोकरी काय वाईट आहे. त्याने जीमॅट दिला, ६५५ आले, आता आयएसबी आणि पीजीपीएक्सचे फॉर्म चालू आहेत, कंपनीत दरम्यान सप्लायर क्वालिटीला बढती मिळाली. ज्याला एक-दीड वर्षाचाच अनुभव आहे त्याने मात्र हे बघून नव्या आयआयएमची जागा सोडू नये, त्याच्यासाठी तो सौदा चांगलाच आहे, दोन वर्षांत इंटर्नशिप मिळते आणि क्षेत्र बदलता येतं, एका वर्षाच्या कोर्समधे ते जड जातं.

रेटिंग द्यायचं तर शॉर्टलिस्ट आणि इव्हॅल्युएशन पाचपैकी एक, निबंध दोन, मॉक इंटरव्ह्यू पाच. आणि एक गोष्ट सुरुवातीला सांगत नाहीत, मॉक इंटरव्ह्यू सुटे पण मिळतात, एकेकाचे वेगळे पैसे देऊन, पूर्ण पॅकेज घ्यावं लागत नाही. फोन करताना आधी तेवढंच विचारा, आणि घेणारा माणूस तुमच्या क्षेत्रातला आहे का ते पण. बँकेतल्या मुलीला प्लांट हेड आणि आयटीवाल्याला बँकर दिला तर त्या पाऊण तासाचा उपयोग नाही, आमच्या नंतर आत गेलेल्या मुलीचं तसंच झालं होतं, ती पैसे भरून बसली होती म्हणून काही बोलली नाही.