पहिल्या ट्रायथलॉनसाठी लावलेली पुण्यातली कोचिंग बॅच
स्प्रिंट ट्रायथलॉन म्हणजे एकामागोमाग एक ७५० मीटर पोहणं, २० किमी सायकल, ५ किमी पळणं. पळायची सवय होती पण पोहताना दोन लॅपमधेच दम लागायचा म्हणून ही १२ आठवड्यांची बॅच लावली. सरांनी आधी पाण्यात श्वास सोडायला शिकवलं आणि खरं सांगते तिथेच निम्मं काम झालं, मग दर सात-आठ हातांनी डोकं वर काढून दिशा बघायची कारण तळ्यात टँकसारखी खाली रेघ नसते. रविवारी मुळशी रोडला सायकल आणि उतरल्या उतरल्या पळायचं, पहिल्यांदा पाय अक्षरशः दगड झालेले, चौथ्या रविवारी जमलं!! दोन प्रकारांच्या मधे पटकन कपडे-बूट बदलायचा सराव मात्र एकदाच घेतला, तो जास्त हवा होता. पाण्याची भीती असेल तर नक्की लावा, साधी गिअरची सायकल चालते.