लेन्सच्या आधी घ्यायची वस्तू: कॉम्बॅट अॅप्लिकेशन टूर्निके

युद्ध, दंगली, विस्थापन टिपायला निघालेली नवी पोरं मला विचारतात, बॅगेत काय काय भरू? लेन्सच्या आधी मी या पट्ट्याचं नाव घेते. रक्तस्राव थांबवायचा टूर्निके, रुंदी जेमतेम दीड इंच, वजन नगण्य.

रचना साधी आहे. पट्टा हाताला किंवा पायाला, जखमेच्या दोन-तीन इंच वर गुंडाळायचा, सांध्यावर नाही. ओढून घट्ट करायचा, मग पट्ट्यावरची छोटी दांडी पिळायची आणि खाचेत अडकवायची. स्वतःच्या जखमी हातावर दुसऱ्या एका हाताने बांधता येतो, हे याचं खरं मोल. सरावात मी तो डोळे मिटून मांडीवर आवळला होता. नीट आवळला तर घोट्याजवळची नाडी लागेनाशी होते, आणि दुखतं, भयंकर दुखतं. दुखतंय म्हणून सैल करायचा नाही. वरच्या पांढऱ्या पट्टीवर बांधल्याची वेळ लिहायची. फोटो उद्या पुरावा म्हणून उभा राहणार असेल, तर कॅमेऱ्याचं घड्याळ आपण जसं चोख लावतो, तितक्याच काळजीने. डॉक्टरला ती वेळ लागते.

एक मर्यादा मात्र जाणून घ्या. २० एप्रिल २०११ रोजी लिबियातल्या मिस्राता शहरात टिम हेदरिंग्टन आणि ख्रिस हॉन्ड्रोस हे छायापत्रकार मारले गेले. हेदरिंग्टन यांना जांघेत जखम झाली होती, रक्त वाहून ते गेले. जांघेत हा पट्टा बसतच नाही. तिथे जखमेत कापड कोंबून सगळा भार देऊन दाबावं लागतं. ते शिकवायला त्यांचे मित्र सेबॅस्टियन युंगर यांनी 'रिस्क' ही संस्था काढली. ती स्वतंत्र पत्रकारांना जीव वाचवायचं प्रशिक्षण देते. पट्टा घ्या, पण असं प्रशिक्षण घेतल्याशिवाय निघू नका. हे मी कळकळीने सांगते.

नकली माल सर्रास मिळतो. मी एकदा स्वस्तात घेतलेल्याची दांडी तिसऱ्या पिळ्याला मोडली. सरावात मोडली म्हणून बरं. तेव्हापासून अधिकृत विक्रेत्याकडूनच घेते, आणि सरावाचा वेगळा ठेवते, कारण ताणलेल्या पट्ट्याचा भरवसा नाही. प्लास्टिकचं वेष्टन आधीच काढून ठेवा, रक्ताळलेल्या बोटांनी ते फाटत नाही. आणि बॅगेच्या तळाशी नको. माझा कमरेच्या पट्ट्याला डाव्या बाजूला असतो, दोन्ही हात पोचतील असा. बरोबरच्या माणसालाही तो कुठे आहे ते आधी दाखवते.