ऑक्सफर्डमध्ये आठ महिने राहिल्यानंतर

अभ्यागत संशोधक म्हणून ऑक्टोबरात ऑक्सफर्डला आलो, त्याला आता आठ महिने झाले. पहिल्या पंधरवड्यात घरी कळवलेले मत आज तसेच्या तसे राहिलेले नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

ज्यासाठी आलो, त्या बॉडलियन ग्रंथालयाबद्दल मात्र तक्रार नाही. वाचक म्हणून नोंदणी करताना ‘ग्रंथालयात विस्तव आणणार नाही, पेटवणार नाही’ अशी प्रतिज्ञा मोठ्याने वाचावी लागते. ती वाचताना मला हसू आवरावे लागले. पुस्तक घरी मिळत नाही. १६४५ मध्ये खुद्द राजा पहिला चार्ल्स यालाही नकार मिळाला होता, तेव्हा ‘एका रात्रीपुरते द्या’ या आमच्या आर्जवाचा काय पाड! बरीच पुस्तके स्विंडन या दुसऱ्या गावातल्या गोदामात असल्यामुळे ती आधी मागवून ठेवावीत, नाहीतर सकाळ फुकट जाते.

इथे तारखेपेक्षा आठवडा चालतो. सत्रे तीन, प्रत्येक आठ आठवड्यांचे, आणि ‘पाचव्या आठवड्यात भेटू’ असे कोणी म्हटले की आपण मुकाट्याने मोजायला लागायचे. सत्र संपले की विद्यार्थी गायब होतात आणि प्राध्यापकही सहसा सापडत नाहीत; भेटी आधीच ठरवून घ्याव्यात, हे मी नाताळच्या सुटीत शिकलो.

हे जुने नियम इथे कौतुकाने सांगितले जातात, पण त्यांची झळही लोकांनी सोसली आहे. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८८९ मध्ये इथल्या समरव्हिल या स्त्रियांच्या कॉलेजात आल्या आणि १८९२ मध्ये त्यांनी कायद्याची बीसीएल (बॅचलर ऑफ सिव्हिल लॉ) परीक्षा दिली. पदवी हाती पडली १९२२ मध्ये, कारण स्त्रियांना पदव्या देण्यास विद्यापीठाने १९२० मध्येच सुरुवात केली.

आता घराविषयी. भाडे आपल्या पगाराशी ताडून पाहू नये, झोप उडते. डिसेंबरात चारच्या आत अंधार पडतो, कपडे खोलीतच वाळत घालावे लागतात आणि जानेवारीपर्यंत कपाटामागच्या भिंतीवर काळी बुरशी धरते. घरमालकाच्या एजंटला फोटो पाठवले, तर ‘खिडक्या उघड्या ठेवत जा’ असे उत्तर आले. बाहेर तापमान शून्याखाली होते. शेवटी मीच भिंत पुसली आणि कपाट वीतभर पुढे ओढले. खाण्याचे हाल मात्र झाले नाहीत, काउली रोडवर हळद, डाळी, पोहे सारे मिळते.

क्राइस्ट चर्च कॉलेजच्या मनोऱ्यातली टॉम घंटा रोज रात्री नऊ वाजून पाच मिनिटांनी १०१ ठोके देते, कारण ऑक्सफर्डची जुनी स्थानिक वेळ ग्रिनिचच्या पाच मिनिटे मागे होती. पहिल्या आठवड्यात मी ठोके मोजले. लहान मूल घेऊन येणाऱ्यांनी मात्र खोली ठरवण्याआधी एकदा रात्री नऊच्या सुमारास तिथे उभे राहून पाहावे.